लॉगिन कोणाच्या नावावर?

(दृश्य : लॅमिंग्टन रोड, सकाळ. शटर वर जातायत.)

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं. पण हार्ड डिस्क घ्यायला निघालेला मुंबईकर अजूनही लॅमिंग्टन रोडलाच जातो. काउंटरवर घासाघीस करणारे हे गृहस्थ गिरगावातल्या एका वाचनालयाचे कार्यवाह. वाचनालयाचं नाव आम्ही सांगणार नाही. त्यांची कुलपं आता तुमच्यासमोर उघडणार आहेत, म्हणून.

(दृश्य : चाळीचा लाकडी जिना. काचेची कपाटं.)

दुसरा मजला. कपाटांत दिवाळी अंक, वर्षवार बांधलेले. त्यांची मुखपृष्ठं आणि अनुक्रमणिका स्कॅन करून वेबसाइटवर ठेवलीत. एखादी जुनी कथा शोधत पुण्याहून, नाशिकहून फोन येतात ते त्यामुळेच.

आणि ही लाल चोपडी. पंख्याची दुरुस्ती, रद्दीचे पैसे, सगळं तारीखवार. चेकवर दोन सह्या लागतात. खुर्च्यांना रंग द्यायचा असला तरी विषय कमिटीपुढे येतो. होस्टिंगचं लॉगिन मात्र इतकी वर्षं एका मुलाच्या खासगी मेलवर होतं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हा मुलगा इथल्याच अभ्यासिकेत बसायचा. साइट त्याने फुकट करून दिली. आता नोकरीला बंगळुरूत असतो. त्याचा काही दोष नाही, फोन केला की उचलतो. सगळ्या संस्थांच्या नशिबी असा मुलगा नसतो.

(दृश्य : टेबलावर दोन बिलं.)

एक बिल डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं. दुसरं होस्टिंगचं, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवलीय त्या जागेचं. कंपन्या वेगळ्या, लॉगिन वेगळी, मुदतीच्या तारखाही वेगळ्या. कमिटी दोन्हीला मिळून ‘वेबसाइटचे पैसे’ म्हणते. यातलं लहान बिल जास्त मोलाचं. होस्टिंग गेलं तर साइट दुसरीकडे मांडता येते. नाव गेलं तर पत्ताच गेला.

डोमेनच्या खात्याला मेल नोंदवला होता तो वाचनालयाच्याच डोमेनवरचा. दिसायला रुबाबदार. पण मुदत संपली की डोमेन थांबतं, त्याबरोबर त्यावरची मेल थांबते, आणि पासवर्ड बदलायची लिंक जाते नेमकी त्याच बंद मेलवर. कपाटाची किल्ली कपाटातच. म्हणून आता संस्थेसाठी वेगळा मेल काढलाय, या डोमेनच्या बाहेरचा.

डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या नावांची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आठवण पाठवायची, असा आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. आठवण येते, ती वाचणारं कोणी हवं. नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस ते सोडवून घेता येतं, जादा पैसे भरून. पुढचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग जो आधी येईल त्याचं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायचे राहिले. हॉटमेलचं लॉगिन त्याच नावावरून व्हायचं, ते अडलं. एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःचे ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी हलली. उपनगरातल्या एका संस्थेचं नाव असंच गेलं, तिथे आता जुगाराच्या जाहिराती दिसतात. तिकडे आम्ही कॅमेरा नेला नाही.

(दृश्य : स्पीकरवर बंगळुरूच्या त्या मुलाचा फोन. लॅपटॉपचा पडदा, पासवर्ड झाकलेले.)

“काका, सांगू? पटकन टाका हं, बदलतो तो.”

“थांब रे, चष्मा.”

पहिला कोड चष्म्यात गेला. दुसऱ्यात तीन आणि आठची गल्लत. तिसरा बसला.

लॉगिन करताना पासवर्डनंतर मागितला जाणारा हा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, आणि गंमत म्हणजे तो कोणी पाठवत नाही. सुरुवातीला कोड दाखवणाऱ्या ॲपने क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त संख्या मोबाइलमध्ये उतरते. तीच सर्व्हरकडेही असते. दोघं ती संख्या आणि घड्याळातली वेळ एकाच गणितात घालतात, उत्तर सारखं येतं. या जिन्यात रेंज मिळत नाही. बघा, कोड तरीही दिसतोय. एसएमएसने येणारा ओटीपी असा नाही. तो सिमकार्डाच्या मागे जातो. कोणी आपल्या नावावर डुप्लिकेट सिम काढलं तर तो त्याच्याकडे. रिचार्ज राहून नंबर बंद पडला, तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो.

पण मोबाइलच लोकलमध्ये मारला गेला तर? त्यासाठी बॅकअप कोड. टू-स्टेप, म्हणजे पासवर्ड आणि वर कोड अशी दुहेरी राखण, चालू करताना ते मिळतात, एक कोड एकदाच चालतो. वाचनालयाने ते छापले, पाकिटात घातले, जोडावर अध्यक्ष आणि कार्यवाहांनी सह्या केल्या. लाखेचा शिक्का कॅमेऱ्यासाठी, एरवी त्याची गरज नव्हती. पाकीट गेलं चोपडीच्या कपाटात. शेजारी संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही बिलं, कारण खातं अडकलं की कंपनी आधी विचारते, तुम्ही कोण. डोमेनच्या मालकाच्या रकान्यातही आता संस्थेचं नाव आहे, आणि नाव परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून ट्रान्सफर लॉक लावलेलं आहे.

(दृश्य : नवी हार्ड डिस्क. हळूहळू भरणारी हिरवी पट्टी.)

१० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या काहींचं दोन्ही गेलं. होस्टिंगवाल्याकडचा बॅकअप असावाच, पण आपल्या हातात एक वेगळा हवा.

वाचनालयाची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका तयार सॉफ्टवेअरवर, आहे. तिचे दोन भाग : फाइली, म्हणजे फोटो, थीम वगैरे, आणि डेटाबेस, म्हणजे मजकूर. पहिल्या खेपेला फक्त फाइलींचं फोल्डर उतरवलं. दुसऱ्या लॅपटॉपवर साइट उभी करून पाहिली तर मुखपृष्ठं सगळी आहेत, पण कुठला अंक कोणत्या सालचा त्याचा पत्ता नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “ही तर रद्दी झाली.” डेटाबेस उतरवल्यावर यादी परत आली. ही डिस्क खजिनदारांच्या घरी, डोंबिवलीला राहील. दर महिन्याच्या सभेला ते ती घेऊन येतील.

(दृश्य : सभा. चहाचे कप.)

खजिनदारांची मुदत मार्चमध्ये संपते. ज्या सभेत नवे पदाधिकारी येतील, त्याच सभेत जुन्यांची लॉगिन काढायची, पासवर्ड बदलायचे, नवे बॅकअप कोड घ्यायचे आणि जुनं पाकीट फाडायचं, असा ठराव कार्यवाहांनी मांडला. डिस्क कोणी न्यायची यावर थोडी बाचाबाची झाली. ग्रंथपाल बाईंनी अनुमोदन दिलं. ठराव सर्वानुमते मंजूर.