घमेल्याची जागा ससा ठरवतो

(पाळीव प्राण्यांवरच्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेबलावरचं हे घमेलं मी घरून आणलंय. साधं, प्लास्टिकचं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते. तळाला वर्तमानपत्राचे चार पदर, त्यावर सुक्या गवताचा थर आणि काठाला सुतळीने बांधलेली ही गवताची जुडी. माझ्या घरी गेली अकरा वर्षं ससे आहेत. पिंजरा नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते मोकळे फिरतात आणि शू-शी अशा भांड्यात येऊन करतात. "सशाला हे कसं शिकवलंत?" असं मला जो तो विचारतो. आज त्याचंच उत्तर द्यायला आले आहे.

उत्तराआधी एक घोळ सोडवते. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव दिलंय. माळरानावर, ज्वारीच्या रानात टुणकन उडी मारून पळतो तो आपला रानससा. तो बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. तो कायद्याने संरक्षित वन्यप्राणी आहे, त्याला घरी आणायचं नाही. दुकानात मिळतो तो पांढरा, करडा, ठिपक्यांचा ससा मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा. त्याचे पूर्वज जमिनीखाली बिळांचं जाळं खणून कुटुंबकबिल्याने राहायचे, आजही राहतात. पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं म्हणजे, बिळांच्या बाहेर ठरावीक ठिकाणी या सशांच्या लेंड्यांचे ढीग असतात. सगळे तिथेच जाऊन करतात. ती त्यांची हद्दीची खूण असते, वास घेऊन दुसऱ्या टोळीला कळतं की इथे कोणीतरी राहतंय.

म्हणजे एका जागी जाण्याची सवय या प्राण्याला जन्मजात आहे. आपण फक्त त्याने निवडलेली जागा ओळखायची आणि तिथे भांडं ठेवायचं.

हे मला पहिल्या सशाच्या वेळी माहीत नव्हतं. कापूस त्याचं नाव. विकणाऱ्याने सोबत तारेच्या जाळीचा पिंजरा दिला, "घाण खाली पडते, तुम्हाला काही बघायला लागत नाही" म्हणाला. दोन महिन्यांत कापसाच्या मागच्या पायांच्या टाचांवरचे केस गेले, लाल चट्टे उठले. कुत्र्यामांजरांच्या पायाला गादी असते, सशाच्या तळव्याला नुसते केस असतात. तारेवर उभं राहून ते झिजतात आणि जखम होते. मी पिंजरा काढून टाकला, त्याला हॉलमध्ये मोकळं सोडलं, आणि बाल्कनीत एक ट्रे ठेवला, कारण मला बाल्कनी सोयीची होती. तो रोज दाराच्या मागे, चपलांच्या रॅकजवळच्या कोपऱ्यात शू करायचा. मी त्याला उचलून बाल्कनीत नेऊन ठेवायची. तो तिथून निघून परत दारामागे. मी कोपरा फिनाइलने पुसायची, तो बाजूच्या फरशीवर करायचा. तीन आठवडे असं चाललं. शेवटी थकून मीच ट्रे दारामागे नेऊन ठेवला. त्याच संध्याकाळी तो त्यात जाऊन बसला.

तुमच्या घरी ससा आला की पहिले काही दिवस त्याला छोटीच जागा द्या. खोलीचा एक कोपरा, चार बाजूंनी आडोसा, तेवढंच. तो कुठल्या कोपऱ्यात शेपटी किंचित वर करून मागे सरकतो ते बघा. भांडं तिथे. जमिनीवर सांडलेल्या लेंड्या गोळा करून त्यात टाका, शू पुसलेल्या कागदाचा तुकडाही टाका. वासाने त्याला जागा कळते. आठ-दहा दिवस नीट गेले की जागा थोडी वाढवा. घर मोठं असेल तर दुसरं भांडं लागेल. जागा वाढवल्यावर चुकायला लागला तर पुन्हा लहान करा, त्यात रागवण्यासारखं काही नाही. आणि ओरडू नका, नाक घाणीत दाबू नका. ससा भक्ष्य म्हणून जगलेला प्राणी आहे, मागचा पाय जमिनीवर आपटून धोक्याची वर्दी देणारा. ओरडणारा माणूस म्हणजे त्याच्या लेखी शिकारी. तो शू थांबवणार नाही, तुम्हाला टाळायला लागेल, इतकंच.

आता ही गवताची जुडी. शिकवण्यातला अर्धा भाग हिच्यात आहे. ससा खाताखाताच लेंड्या टाकतो. दोन्ही क्रिया एकत्र चालतात. म्हणून गवत असं बांधायचं की ते खाण्यासाठी त्याला घमेल्यात चढून बसावंच लागेल. कापूस सकाळी अर्धा-पाऊण तास असा बसायचा, तोंडातून गवताची काडी हळूहळू आत जाते आहे आणि मागे एकेक लेंडी पडते आहे. गवत त्याला दिवसभर लागतं. दात आयुष्यभर वाढत असतात, ते गवतानेच झिजतात. आहारात सगळ्यात मोठा वाटा सुक्या गवताचा हवा. ओटचं गवत मिळतं, वाळवलेली हरळी चालते. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. आमच्याकडे ठाण्याच्या पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, ती विषारी ठरू शकते. म्हणून जूनच्या आधी मी गवत उन्हात कडकडीत वाळवून कापडी पिशव्यांत टांगून ठेवते आणि रोज हुंगून मगच देते.

तळाला काय घालायचं याबद्दल खूप चुका होतात. मांजरांसाठी मिळते ती, पाण्याने गोळा होणारी माती सशाला कधीही घालू नका. ससा भांड्यातलं चाखतो. ती माती पोटात गेली की तिथेही गोळाच होते आणि आतडं बंद पडतं. वखारीतला भुसाही नको. देवदार, चीड अशा लाकडाच्या वासातली द्रव्यं यकृताला त्रास देतात, धूळ नाकात जाते, आणि भुसा कुठल्या लाकडाचा हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. वर्तमानपत्र आणि गवत, एवढं पुरतं. भाताचा पेंढा वर पसरायला चांगला. घमेल्याचा आकार इतका हवा की ससा आत पूर्ण वळू शकेल. रोज कागद बदला, पण स्वच्छतेच्या भरात सगळं धुऊन वास घालवू नका. जुन्या कागदाचा एक कोपरा नव्याखाली सरकवून ठेवा.

भांड्याला काही दिवसांनी पांढरा चुनखडीसारखा थर बसतो. ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे त्याची लघवी मुळातच गढूळ असते. बोअरच्या पाण्याने बादलीला जसा थर चढतो, तसाच हा. घासून निघत नाही. पांढरं व्हिनेगर ओता, अर्धा तास थांबा, धुऊन टाका. फरशीवरचे डागही व्हिनेगर-पाण्यानेच पुसा.

लघवीवरून आठवलं. एकदा रात्री अकरा वाजता घमेल्यातला कागद नारिंगी-लाल झालेला दिसला. मला वाटलं रक्तच. रिक्षा करून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं की रक्त नाही, वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी कधीकधी अशी तांबूस होते. हे पिवळ्यापासून विटकरीपर्यंत कुठल्याही छटेचं असू शकतं. पण रंग सलग नसेल, लालसर गुठळ्या किंवा वेगळे डाग असतील, किंवा ससा शू करताना कुंथत असेल, तर मात्र थांबू नका. शंका असली तरी जा, तपासणीत दोन मिनिटांत कळतं.

आता या लेंड्या. हा कागद मी पुढे फिरवते. वास नाही, घेऊन बघा. बोटांत दाबा. भुगा होतो आणि आत गवताचे तुसासारखे तुकडे दिसतात. गोल, एकसारख्या, वाटाण्यापेक्षा जरा लहान. दिवसाला दोन-तीनशे तरी पडतात. या माझ्या आताच्या सशाच्या, चिंगीच्या, आज सकाळच्या आहेत. रोज सकाळी भांडं उचलताना मी आधी आकार बघते. लेंड्या बारीक झाल्या तर ती कमी खाते आहे. केसाच्या धाग्याने माळेसारख्या जोडलेल्या असतील तर अंगावरचे केस गळताहेत आणि ती ते चाटून गिळते आहे, म्हणजे विंचरायला बसायचं. आणि घमेलं रिकामं असेल, ती खातही नसेल, तर बारा तास उलटायच्या आत डॉक्टर. सशाचं आतडं एकदा थांबलं की तो दिवसाभरात जाऊ शकतो. कापूस माझ्याकडून गेला तो असाच. मी सकाळी बघितलं, "संध्याकाळी बघू" म्हटलं. ते मी आजही विसरलेले नाही, म्हणून तुम्हाला इतकं खालच्या पातळीवरचं लेंडीपुराण सांगते आहे.

आणखी एक प्रकारच्या लेंड्या असतात. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या, उग्र वासाच्या. त्या सहसा दिसत नाहीत, कारण ससा खाली वाकून थेट गुदद्वारातूनच त्या खातो. किळस वाटायचं कारण नाही. गवत एका फेरीत पचत नाही. आतड्याच्या मोठ्या पिशवीत जंतू ते आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते मिळवायला दुसरी फेरी लागते. या मऊ लेंड्या रोज घमेल्यात पडून राहायला लागल्या तर आहार बिघडलाय असं समजा. पोळी, बिस्किटं, गाजर-केळ्याचे लाड. किंवा ससा इतका जाड झालाय, नाहीतर पाठ दुखतेय, की तोंड मागे पोहोचत नाही.

इतकं सगळं करूनही ससा घरभर पिचकाऱ्या मारत असेल तर तो वयात आलाय. साडेतीन-चार महिन्यांपासून नर आपली हद्द शू मारून आखायला लागतो, मादीही करते. इथे भांडं, गवत, संयम, कशाचा फारसा उपयोग नाही. नसबंदी हाच उपाय. नराची चार-पाच महिन्यांनंतर, मादीची सहाव्या महिन्याच्या आसपास. हार्मोन्स उतरायला पुढे महिना-दीड महिना लागतो, दुसऱ्या दिवशी फरक शोधू नका. मादीच्या बाबतीत मी आग्रहाने सांगते, कारण नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. डॉक्टर निवडताना विचारा की सशांच्या किती शस्त्रक्रिया केल्यात. आणि कुणी "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा" म्हणालं तर तिथून परत या. सशाला उलटी होतच नाही, उपाशी ठेवलं तर आतडं थांबण्याचा धोका.

नसबंदीनंतरही एखाददुसरी लेंडी खोलीच्या उंबरठ्यावर, तुमच्या पलंगाच्या कडेला सापडेल. हनुवटी घासून वस्तूंवर वास लावतात ना, त्यातलाच तो प्रकार. घरात पाहुणे आले, दुसरा ससा आला की वाढतो, मग ओसरतो. त्या लेंड्या उचलून घमेल्यात टाका. गादी-सोफ्यावर मात्र शू होऊ देऊ नका. मऊ, शोषणारी जागा त्यांना फार आवडते. सवय मोडेपर्यंत वर जाड प्लास्टिक अंथरा किंवा सोफ्यावर चढूच देऊ नका.

(श्रोत्यांतून प्रश्न: म्हातारा ससा अचानक बाहेर करायला लागला तर?)

छान विचारलंत. आमची चिंगी नऊ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर ती घमेल्याच्या अगदी शेजारी, काठाला चिकटून शू करायला लागली. विसरली असती तर कुठेही केली असती. ती पोहोचत होती, चढता येत नव्हतं. क्ष-किरणात नितंबाच्या सांध्याला झीज दिसली. औषध सुरू झालं, आणि मी घमेलं काढून तिथे मोठा उथळ ट्रे ठेवला. काठ दोन बोटांचा, खाली जुनी चादर घडी करून, पाय घसरू नयेत म्हणून. तिसऱ्या दिवशी ती परत आत जाऊन गवत खात बसली. मूत्रपिंडाचे, मूत्राशयात वाळू साठण्याचे आजारही असेच सुरू होतात. शिकलेला ससा चुकायला लागला की आधी तपासणी.

हे आजचं घमेलं आता तिच्या कामाचं नाही, ज्यांच्याकडे नवा ससा आहे त्यांनी न्यावं. आणि या पिशवीत आठवडाभराच्या लेंड्या आहेत. कुजवाव्या लागत नाहीत, तशाच कुंडीत मातीवर पसरल्या तरी चालतात. माझी तुळस आणि अळू त्यावरच आहे. ज्यांना हव्यात त्यांनी जाताना मूठभर घेऊन जा.