चार पुड्या, चार पावत्या

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, कार्यवाह आणि एवढ्या उकाड्यातही आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. मागे आवाज येतोय ना? येत नसेल तर पुढे या, पहिल्या दोन रांगा नेहमीप्रमाणे मोकळ्याच आहेत.

पत्रिकेत माझा विषय ‘साध्या जगण्यासाठी महिन्याचे अंदाजपत्रक’ असा छापलाय. त्यात चार मुद्दे सांगेन असं मी कार्यवाहांना कबूल केलंय. सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

मी बँकेत होते हे तुम्हाला ठाऊक आहे. २०१६ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होते. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा गेल्या, ९ तारखेला बँका बंद होत्या आणि १० तारखेला सकाळी शटर वर केलं तर रांग थेट बाजारपेठेपर्यंत. पुढे काय काय झालं ते तुम्ही सोसलंच आहे. नोटा बदलून मिळायच्या साडेचार हजारांपर्यंत, मग दोन हजारांपर्यंत, बोटाला शाई, खात्यातून काढायचे तर आठवड्याला चोवीस हजार. नियम एवढ्या वेगाने बदलायचे की सकाळी सांगितलेलं दुपारी खोटं पडायचं आणि लोकांना वाटायचं, या बाईच खोटं बोलतायत.

त्या दिवसांत आमच्या काउंटरवर महाराष्ट्रातली खरी अर्थव्यवस्था आली. तिला हिंगाचा वास होता! हसू नका. नोटा मोजायच्या मशिनमध्ये डाळीची टरफलं अडकायची. हळदीने पिवळ्या झालेल्या पाचशेच्या नोटा मी स्वतः मोजल्यात. अडीच लाखांपर्यंत भरणा केला तर चौकशी होणार नाही, असं सरकारने जाहीर केलं होतं. पण बायकांना सरकारची भीती नव्हतीच. त्या काचेला तोंड लावून हळूच विचारायच्या, “मॅडम, मेसेज कुणाच्या मोबाइलवर जाणार?” इथे बसलेल्या पुरुषांपैकी काहींना ते आकडे तेव्हाच पहिल्यांदा कळले असतील. मान खाली घालू नका, तो काळ गेला.

त्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात कागदाच्या चार पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलेलं. गॅस. दवाखाना. भाचीचं लग्न. पंढरपूर. मी सवयीने चारही पुड्या सोडल्या आणि नोटा एकत्र करायला लागले, तर बाईंनी काचेखालून हात घालून माझं मनगटच धरलं. “एकात एक करू नका ओ मॅडम! मग कळायचं कसं?”

मी समजावलं, खातं तुमचंच आहे, रक्कम कुठे जात नाही. ते त्यांना कळत होतं. हिशोब त्यांचा पक्का होता, एकूण बेरीज माझ्या आधी त्यांनीच सांगितली. प्रश्न बेरजेचा नव्हताच. एकदा एकत्र झाले की पंढरपूरचे पैसे दवाखान्यात जाणार आणि भाचीच्या लग्नाचे गॅसमध्ये, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्या म्हणाल्या, “चार पावत्या द्या.” मागे रांगेत आरडाओरडा सुरू झाला, एक गृहस्थ तर म्हणाले, “ओ काकू, विठोबाला चेक द्या!” शेवटी मी चार भरणा-पावत्या लिहिल्या, प्रत्येकीत नोटांचा तपशील, चारदा शिक्का. मॅनेजर केबिनमधून बघत होते, त्यांची नजर मी टाळली. बाईंनी प्रत्येक पावतीच्या पाठीवर पुन्हा पेन्सिलीने नाव लिहिलं आणि मगच त्या हलल्या.

आता सांगा, अंदाजपत्रक म्हणजे याहून वेगळं काय असतं? आपण सगळे काय करतो? महिना संपल्यावर ‘पैसे गेले कुठे’ म्हणून वही काढतो. ते शवविच्छेदन झालं. बाईंचा पैसा खर्चायच्या आधीच वाटलेला होता. आणि बघा, चारातली एक पुडी पंढरपूरची होती! गरजेची नाही, चैनीचीही नाही. ती त्यांना हवी होती म्हणून होती, आणि तिला हात लावायला त्या खुद्द रिझर्व्ह बँकेलाही देणार नव्हत्या.

याच २०१६ साली यूपीआय आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावरच्या महिन्याच्या व्यवहारांनी एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. मी त्याच्या विरोधात नाही, आज रिक्षाचे पैसे मीही तसेच दिले. माझी तक्रार एवढीच की त्याने सगळ्या पुड्या सोडून एकच ढीग केला. खात्यात एकतीस हजार दिसतात. त्यातले विम्याचे किती आणि शाळेच्या फीचे किती, ते त्या पडद्यावर लिहिलेलं नसतं. माणसाला वाटतं, एकतीस आहेत. मग स्कॅन करतो.

जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली. आज त्या पद्धतीने वही ठेवणारे गरज, हौस आणि अचानकचा खर्च यांच्या जोडीला पुस्तकं-संगीताचा वेगळा कप्पा ठेवतात. आमच्या साताऱ्याच्या बाईंनी तो पंढरपूरच्या नावाने ठेवला होता. अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं? बरं, सात. मग मुद्दे भराभर घेते.

पहिला. पगार किंवा पेन्शन जमा होईल त्याच दिवशी वाटणी करा. दोन खाती पुरतात. एकात घरभाडं, हप्ते, बिलं आणि साठवायचं ते. दुसऱ्यात महिन्याचा हातखर्च, आणि मोबाइलवरचं यूपीआय फक्त या दुसऱ्याला जोडा. ते संपलं की महिना संपला.

दुसरा. वर्षातून एकदाच येणारे खर्च ‘अचानक’ नसतात. विमा अठरा हजार, घरपट्टी सहा, शाळेची फी छत्तीस, गणपती-दिवाळी चोवीस. झाले चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे महिन्याला सात. गणपती दरवर्षी येतात हो, तरी दरवर्षी आपल्याला ओढाताण!

तिसरा, हप्ते. यावर मी खरं तर तासभर बोलणार होते. ‘विनाव्याज हप्ता’ असं काही नसतं. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी किमतीत नाहीतर सोडलेल्या सवलतीत असतं. कार्डाची बाकी थकली तर महिना साडेतीन टक्के ठिकठिकाणी लागतात, म्हणजे वर्षाला बेचाळीस. वस्तू घ्यायची असेल तर तिचा हप्ता आधी तीन महिने स्वतःच्या खात्यात भरून बघा. जमलं तर घ्या. पुष्कळदा तीन महिन्यांत ती वस्तूच नकोशी होते.

आणि साधं जगणं म्हणजे कंजूषपणा नव्हे, हे तरी सांगू द्या. माझे एक सहकारी होते, त्यांनी गाडी घेतली नाही. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग, सगळं मांडून बघितलं आणि नको म्हणाले. लोक त्यांना चिक्कू म्हणायचे. तेच गृहस्थ दर डिसेंबरात रजा टाकून पुण्याला सवाई गंधर्वला जायचे, पुढच्या खुर्चीचं तिकीट काढून. गाडीच्या पैशांत ते गाणं ऐकत होते. कशाला नाही म्हणायचं हे त्यांना कळलं, कारण कशाला हो म्हणायचं ते आधी ठरलं होतं.

चौथा मुद्दा सोन्याचा होता. त्यावर इथे भांडण होणार हे मला माहीत आहे आणि अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. तो चहाच्या वेळी.