ड्रग टेस्ट हुकली, तर पुढच्या चोवीस तासांत काय करायचं

मंडळी, आज अमेरिकेतल्या प्रोबेशनमधल्या (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या शर्ती पाळून बाहेर राहण्याच्या शिक्षेतल्या) एकाच प्रसंगाबद्दल बोलायचं आहे: ड्रग टेस्टचं बोलावणं होतं आणि तुम्ही पोचला नाहीत. नियम राज्यागणिक आणि काउंटीगणिक बदलतात, तेव्हा आपल्या शर्तींचा कागद आधी काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला एक रंग ठरवून दिलेला असतो; रोज ठरावीक नंबरवर फोन करून आज टेस्टसाठी आपला रंग लागला का, ते ऐकायचं असतं. फोनच केला नाही, तर ‘मला कळलंच नाही’ हे उत्तर चालत नाही. हुकलेली टेस्ट अनेक काउंटींमध्ये पॉझिटिव्ह धरतात. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाच्या, प्रोबेशनवर टेस्ट द्यायला नकार दिल्याचं ठरलं, तर प्रोबेशन रद्द करणं न्यायाधीशावर कायद्यानंच बंधनकारक आहे. म्हणून हुकली की टाळली, हे कागदावरून दिसायला हवं. आणि तो कागद त्याच दिवशी तयार झाला पाहिजे.

केंद्र अजून उघडं असेल तर आधी तिथे जा. बंद झालं असेल तर आपल्या प्रोबेशन ऑफिसरला फोन करा. उचलला नाही तर व्हॉइसमेलवर नाव, केस नंबर, न येण्याचं कारण आणि ‘उद्या सकाळी नमुना द्यायला तयार आहे’ एवढं ठेवा, आणि तेच ईमेलवर पाठवा. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट, गाडी टो केल्याची पावती, इमर्जन्सी रूममधून सोडल्याची वेळ लिहिलेला कागद हे सगळं जपून ठेवा. ‘ट्रॅफिक होतं’ याला कुणी विचारत नाही.

चोवीस तासांच्या आत स्वखर्चानं खासगी लॅबमध्ये टेस्ट करून घेता येते. मात्र नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला, याची सलग नोंद ठेवणारी लॅब निवडा. घरी किटनं केलेल्या टेस्टला कोर्टात किंमत नाही. या टेस्टनं हुकलेली टेस्ट भरून निघत नाही, पण न्यायाधीशापुढे ठेवायला काहीतरी राहतं. जाण्याआधी पाणी ढोसू नका. लघवीत नेहमी असणारं क्रिएटिनिन हे द्रव्य डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की नमुना पातळ ठरू शकतो आणि संशय वाढतो.

टेस्ट दिली असती तर पॉझिटिव्ह आली असती, असं असेल तर क्रम बदलतो. आधी वकील. ऑफिसरशी बोललेलं गोपनीय नसतं. तुम्ही दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध वापरता येते, हे सुप्रीम कोर्टानं १९८४ सालीच मिनेसोटातल्या एका खटल्यात मान्य केलं आहे. याचा अर्थ खोटं बोला असा नव्हे. टेस्टला आलो नाही, हे सांगा. का आणि काय घेतलं होतं, हे वकिलाशी बोलून मगच.

आपल्या घरांतल्या दोन गोष्टी इथे नडतात. अनारशांवरच्या खसखशीनं लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. नोकरीच्या फेडरल चाचण्यांत याच कारणानं मर्यादा १९९८ साली मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली, पण प्रोबेशनच्या लॅबला ती मर्यादा लागू असेलच असं नाही. दुसरं म्हणजे द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट. आंबवून केलेली ही औषधं, त्यांत अल्कोहोल असतंच, आणि दारूबंदीची शर्त असेल तर ईटीजी चाचणी (लघवीत अल्कोहोलचा माग शोधणारी) ते पकडू शकते. घरचं औषध म्हणून सूट मिळत नाही.

सुनावणी झाली तर ज्युरी नसते. ‘संशयातीत’ पुरावाही लागत नाही. बहुतेक ठिकाणी आरोप खरा असण्याची शक्यता जास्त दिसली की पुरे. न्यायाधीश शर्ती कडक करू शकतो, मुदत वाढवू शकतो, उपचार कार्यक्रमात पाठवू शकतो किंवा तुरुंगात.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच आठवड्यात गाठावं. प्रोबेशन रद्द होऊन मिळालेला तुरुंगवास मूळ शिक्षेत धरला जाऊ शकतो. चोरी किंवा हिंसेच्या गुन्ह्यात एकूण शिक्षा वर्षभराची झाली की देशाबाहेर काढण्याचा धोका फार वाढतो. आणि प्रकरण मिटेपर्यंत तिकीट काढून भारतात निघून जाऊ नका. तुम्ही विमानात असताना वॉरंट निघालं, तर परत उतरल्यावर विमानतळावरच अटक होऊ शकते, आणि तोवर कोर्टाच्या दप्तरात तुमची नोंद फरार अशी झालेली असते.