मांजर शिपाई मोजत नाही

(पुण्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या रविवारची गोष्ट सांगतो. कोथरूडला आमच्या बाहेरच्या खोलीत पाच पोरं आणि मी. मध्ये फासे, कागद आणि बाकरवडीचा पुडा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव रंगला होता. यात प्रत्येक पोर एकेक पात्र होतं आणि बाकीचं सगळं जग, माणसं-प्राणी धरून, मी बोलून चालवतो. नववीतला एक मुलगा ड्रुइड झालेला, म्हणजे रानातला मांत्रिक. समोर गढी, तटावर मांजर. पोरानं प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र टाकला आणि विचारलं, “आत पहारेकरी किती?”

मांजराच्या वतीनं मी म्हणालो, “एकाच्या बुटांना माशांचा वास येतो. एक लाथ मारतो. चूल गरम आहे.”

“अहो काका, पण किती?”

“चूल गरम आहे.”

पोरगं वैतागलं. पण नियम माझ्या बाजूनं होता. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत हा मंत्र अगदी पहिल्या पातळीचा, दहा मिनिटं टिकणारा. त्यानं भाषा मिळते, अक्कल नाही. आसपासचं आणि गेल्या दिवसभरात जाणवलेलं प्राणी सांगणार. पुढचं त्याच्या बुद्धीवर. बुद्धीला आकडा असतो: साधारण माणसाला १०, मांजराला ३, उंदराला २.

सुरुवातीला मीही चुकायचो. कावळ्याला विचारायचा अवकाश, तो पोलिसांच्या खबऱ्यासारखा नाव-गाव-पत्ता देऊन मोकळा. डाव झपाझप पुढे सरकायचा, पण त्यात कावळा कुठे होता? पिसं लावून मीच बोलत होतो.

आकड्यांवर माझा एक राग आहे, तोही सांगून टाकतो. रेव्हन, म्हणजे आपल्या डोमकावळ्याचा थोरला चुलतभाऊ, त्याला या पुस्तकात बुद्धी २. मांजरापेक्षा कमी! न्यू कॅलेडोनियातले कावळे काडीची आकडी करून लाकडातली अळी ओढून काढतात. नियम लिहिणाऱ्यानं आपल्या खिडकीत एक दिवस पोळी ठेवून बघायला हवी होती. (हशा)

आणि मंत्र चालतो फक्त ‘पशू’ या वर्गावर. घुबडाचं डोकं आणि अस्वलाचं धड असलेला आउलबेअर घ्या. दोन्ही अर्धे प्राणीच, पण त्याच्याशी बोलता येत नाही, कारण तो वेगळ्या वर्गात मोडतो. हे ध्यान सुचलं हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून, तुळशीबागेत ढिगानं मिळायची तसल्या.

आपल्याकडे प्राण्यांशी बोलणं नवं नाही. ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना की अख्खं घर त्याच्याशी बोलायला लागतं. “धाकटीचं लग्न आम्ही करू”, “घर विकणार नाही”, एकेक वचन. बोलणं गेलेल्या माणसाशी, समोर कावळा. त्या वेळी कावळ्याला स्वतःला काय हवंय, हे कोणी विचारत नाही. पैठणच्या रेड्याचंही तसंच. त्याच्या तोंडून वेद आले. रेड्याला काय वाटलं, ते कुठे आलं नाही.

त्याच पैठणच्या सातवाहनाच्या दरबारातला गुणाढ्य मात्र मला जवळचा वाटतो. कथासरित्सागरात सोमदेव त्याची गोष्ट सांगतो. गुणाढ्यानं सात लाख श्लोकांची कथा ‘पैशाची’त, म्हणजे पिशाचांच्या भाषेत लिहिली आणि राजानं ती झिडकारली. मग हा डोंगरावर गेला, अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि जाळायचं. जनावरं चरणं विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटातलं मांस सुकं यायला लागलं, राजा आजारी पडला, तेव्हा कुठे चौकशी झाली. तोवर एक लाखच श्लोक उरले होते. मला यात आवडतं ते एवढंच की गुणाढ्यानं जनावरांना एकही प्रश्न विचारला नाही.

असो. आमचा ड्रुइड. मंत्राची दहा मिनिटं संपत आलेली. पोरानं बाकरवडी खाली ठेवली, जरा विचार केला आणि म्हणाला, “मने, तुला तिथं कोण आवडत नाही?”

“लाथ मारणारा. रात्री तो मागच्या दाराशी आडवा होतो. मी त्याच्यावरून उडी मारते. त्याला कळत नाही.”

बाकीच्या चौघांनी एकदम पेन्सिली उचलल्या.