कुष्ठरोग आणि रक्तातल्या एन्झाइमचे आकडे

नमस्कार श्रोतेहो. कुष्ठरोगाचं निदान होतं ते बधिर चट्टा, जाड झालेली नस आणि त्वचेच्या स्मीअरमध्ये, म्हणजे खरवडून काचेवर घेतलेल्या नमुन्यात, सापडणारे जंतू यांवरून. रक्तातलं एखादं एन्झाइम वाढलं म्हणून नव्हे. तरीही रुग्णाच्या फायलीत एन्झाइमचे रिपोर्ट असतात आणि पुष्कळदा ते उलटे वाचले जातात.

एडीए, म्हणजे अ‍ॅडेनोसिन डिअमिनेज, घ्या. हे एन्झाइम टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, लागतंच. कुष्ठरोगात रक्तातलं एडीए वाढलेलं आढळतं. पण म्हणजे प्रतिकारशक्ती उत्तम, असं नाही. लेप्रोमॅटस, म्हणजे अंगात जंतू भरपूर असलेल्या, प्रकारात अँटिबॉडी भरपूर असतात. या जंतूविरुद्ध उभ्या राहायला हव्यात त्या टी-पेशी मात्र गप्प बसलेल्या. एडीए क्षयात वाढतं, टायफॉइडमध्येही वाढतं. शिवाय ते तांबड्या पेशींतही असतं. सिरिंज जोरात ओढली, नळी हलवली, की पेशी फुटतात आणि आकडा फुगतो. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) गुलाबी दिसलं तर रक्त पुन्हा घ्यावं.

उपचारासाठी खरं महत्त्वाचं एन्झाइम दुसरंच: जी-६-पीडी. ते तांबड्या पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवतं. बहुऔषधोपचारात प्रौढाला डॅप्सोन रोज १०० मिलिग्रॅम असतं. त्यानं हिमोग्लोबिन बहुतेकांचं थोडं उतरतं. जी-६-पीडी कमी असेल तर पेशी धडाधड फुटतात. म्हणून तपासणी गोळी सुरू होण्याआधी. पेशी फुटून गेल्यावर केली तर फसगत होते: जुन्या, एन्झाइम संपत आलेल्या पेशी आधीच गेलेल्या असतात, उरतात त्या ताज्या, एन्झाइमनं भरलेल्या. रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. अशा वेळी सुमारे ३ महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. रक्त नुकतंच चढवलं असेल तरीही हाच घोटाळा.

लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर डॅप्सोन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. याच उपचारातल्या रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधानं लघवी लालसर-नारिंगी होते, ती वेगळी. तिला घाबरू नका.

आणखी एक. पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी आणि एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं असेल, तर ती डॅप्सोनची अतिसंवेदनशीलता असू शकते. इथं दोष जी-६-पीडीचा नाही, प्रतिकारयंत्रणेचा. एचएलए-बी*१३:०१ या जनुकप्रकाराशी तिचा संबंध २०१३ मध्ये दाखवला गेला. अशा रुग्णाला डॅप्सोन पुन्हा कधीच देत नाहीत, कमी मात्रेतही नाही.