झिजणारी नोट

[आल्प्सच्या पायथ्याचं गाव. मधून जाणारे रेल्वेचे रूळ.]

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातलं हे व्योर्गल. साल १९३२. वस्ती चार हजारांच्या आसपास. मंदीत सेल्युलोजचा कारखाना बसला, रेल्वेनं माणसं कमी केली. रस्ते उखडलेले, आणि ते दुरुस्त करू शकणारे गवंडी घरी बसून. पैसा नव्हता असंही नाही. ज्याच्याकडे होता, तो भीतीनं सोडत नव्हता.

नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर मूळचे रेल्वे कामगार. त्यांनी सिल्व्हिओ गेसेल या व्यापाऱ्याचं लिखाण वाचलं होतं. गेसेलची तक्रार साधी: बटाटे कुजतात, लोखंड गंजतं, नोटेला मात्र काही होत नाही. म्हणून घाई माल विकणाऱ्याला, पैसेवाला निवांत. मग नोटही झिजू द्या!

[नोटेचा जवळून फोटो. चिकटवलेली तिकिटं.]

जुलैत नगरपालिकेनं स्वतःच्या नोटा काढल्या. नाव 'कामाचा दाखला'. तेवढेच खरे शिलिंग, म्हणजे ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन, बँकेत तारण ठेवले आणि मजुरी या नोटांत दिली. दर महिन्याला नोटेच्या एक टक्का किमतीचं तिकीट विकत घेऊन तिच्यावर चिकटवायचं, म्हणजे दहा शिलिंगच्या नोटेला दहा ग्रोशन (शंभर ग्रोशनचा एक शिलिंग). महिनाअखेरीस नोट ज्याच्या हातात, भुर्दंड त्याला. मग कोण ठेवतंय? मजुराकडून खाटकाकडे, खाटकाकडून शिंप्याकडे, आणि तिथून नगरपालिकेच्या खिडकीवर.

खरी मेख या खिडकीत आहे. तिकिटाचं कौतुक सगळे करतात, पण नगरपालिकेनं याच नोटेत कर घेतला नसता तर हा कागद कोणी हातात धरला नसता. लोकांनी जुनी थकबाकी भरली, काहींनी पुढचा करही आधीच भरून टाकला. त्यातून पुन्हा मजुरी निघाली. रस्ते झाले, एक पूल झाला, स्कीवाल्यांसाठी उडी मारायचा उतारसुद्धा झाला. आणि एका वेळी फिरणारी रक्कम? जेमतेम पाच-साडेपाच हजार शिलिंग.

गाव छोटं, प्रयोग तेरा-चौदा महिन्यांचा. त्यावरून अख्ख्या देशाचं औषध सापडलं म्हणणं धाडसाचं. तरी शेजारच्या गावानंही अशा नोटा काढल्या, आणखी गावं चौकशी करू लागली. तेव्हा ऑस्ट्रियाची राष्ट्रीय बँक जागी झाली. नोटा काढायचा हक्क एकट्या तिचा होता.

१९३३च्या सप्टेंबरात बंदी आली. नगरपालिका कोर्टात गेली, आणि हरली.

[रिकामी खिडकी. फावडी भिंतीला टेकवलेली.]