पत्ता शेवटाकडून वाचायचा

[दृश्य : जुन्या पोस्टकार्डावरचा पत्ता. कॅमेरा शाईच्या अक्षरांवरून हळूहळू खाली सरकतो.]

हे आमच्या घरातलं जुनं पोस्टकार्ड. पत्ता बघा. आधी माणसाचं नाव, मग आळी, मग मु. पो., मग ता., सगळ्यात खाली जि. आपण लिहितो वरून खाली, पण टपाल खातं वाचतं खालून वर. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. आळी कुठली, हे बघायचं ते शेवटी गावच्या पोस्टमननं.

वेबसाइटचा पत्ता अगदी असाच बांधलेला असतो. फक्त तो एका ओळीत आडवा लिहितात, म्हणून आपण फसतो. डावीकडून वाचायला लागतो.

[दृश्य : महा ई-सेवा केंद्र. पडद्यावर सातबाऱ्याचं पान.]

सातबारा बघायचा पत्ता घ्या : भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. आता शेवटाकडून वाचू. इन, म्हणजे भारत. जीओव्ही डॉट इन, म्हणजे सरकार. हे नाव सरकारी यंत्रणेलाच मिळतं. महाभूमी हे महाराष्ट्राच्या जमीन नोंदींचं घर, आणि भूलेख हा त्या घराचा एक दरवाजा. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर दरवाजा बदलतो : डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. घर तेच. या पुढच्या दरवाजाला म्हणतात सबडोमेन.

हे सगळं आधीपासून असं नव्हतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या आर्पानेट या नेटवर्कवरच्या संगणकांची नावं एका यादीत असायची. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती यादी सांभाळत. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी ताजी यादी उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी यादी आवरेना. मग 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी रचना मांडली, डोमेन नेम सिस्टिम. सगळी नावं एका हातात ठेवायचीच नाहीत. प्रत्येकानं फक्त आपल्या खालच्या नावांची वही सांभाळायची. इतकी साधी कल्पना, पण चाळीस वर्षं उलटली तरी जगाचा डोलारा तिच्यावर उभा आहे. मला तिचं फार अप्रूप वाटतं.

[दृश्य : फोनवर बोट. मग काळ्या पडद्यावर एकेक शब्द उजवीकडून उजळत जातो.]

तुम्ही पत्ता टाकता तेव्हा तुमच्या वतीनं एक संगणक विचारत निघतो. सगळ्यात वर असतात रूट सर्व्हर. त्यांची नावं 13, ए पासून एम पर्यंत. प्रती मात्र जगभर पसरलेल्या, मुंबईतसुद्धा. रूटला भूलेख ठाऊक नसतं. तो म्हणतो, ‘इन’ची वही अमक्याकडे आहे, तिकडे जा. तिथून पुढे जीओव्ही, मग महाभूमी. शेवटी मिळतो तो आकड्यांचा पत्ता, म्हणजे ते पान ज्या संगणकावर आहे त्याचा क्रमांक, आणि तुमचं पान उघडतं. हे सारं पापणी लवायच्या आत.

‘इन’च्या वहीचं मूळ आपल्या जवळचं आहे. 1989 मध्ये हे नाव भारताला मिळालं आणि सुरुवातीची बरीच वर्षं ते सांभाळलं मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीनं. 2005 पासून हे काम निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे.

आता मुद्द्याचं. उजवीकडचं नाव नोंदवावं लागतं, पैसे भरावे लागतात. पण एकदा ते आपलं झालं, की त्याच्या डावीकडे काय लिहायचं हे मालकानं ठरवायचं. कुणाला विचारावं लागत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हीसुद्धा निव्वळ पडून गेलेली सवय आहे; जगातली पहिली वेबसाइट होती इन्फो डॉट सर्न डॉट सीएच. विकिपीडियानं डावीकडे भाषा बसवल्या. एमआर लावलं की मराठी, जीओएम लावलं की गोव्याची कोंकणी. नावं कशी ठेवावीत याचा हा फार नेटका नमुना.

पण हीच मोकळीक चोरालाही मिळते.

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. चष्मा कपाळावर चढवून फोन बघणारी बाई.]

माझ्या आईला एकदा संदेश आला. खातं आज बंद होणार, लगेच इथे दाबा. पत्त्याची सुरुवातच तिच्या बँकेच्या नावानं होती. ती म्हणाली, “अरे, बँकेचंच आहे की.” मी तिला टिंबांवर बोट ठेवायला सांगितलं. बँकेच्या नावापुढे टिंब, पुढे ‘केवायसी’, मग आडवी रेघ, मग ‘अपडेट’, आणि शेवटी डॉट कॉम. म्हणजे घर होतं केवायसी-अपडेट डॉट कॉम, कुणा अनोळखी माणसाचं. बँकेचं नाव त्यानं दारावर पाटीसारखं ठोकलं होतं, इतकंच. आडव्या रेघेनं घर बदलत नाही, ते टिंबानंच बदलतं.

यावर रिझर्व्ह बँकेनं उपाय केला. बँकांनी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’खाली आणावेत, असं सांगितलं. हे नाव फक्त बँकांनाच नोंदवता येतं. पत्त्यातलं खरं घर शोधायचं कसं? एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, त्यापुढची पहिली तिरकी रेघ गाठायची, आणि तिथून डावीकडे चालत यायचं. तिरकी रेघच नसेल तर पत्त्याच्या टोकापासून.

आई आता तसंच करते. परवा ओट्यापाशी उभी राहून पुटपुटत होती, “इन... बँक... हां, आणि ही आपली.” मग तिनं हात पुसले आणि खातं उघडलं.